बॉनेटला भोकं पाडल्यापासून पिकअप फक्त हायवेलाच तापते

तक्रार आधी सांगतो, म्हणजे तुमची तीच आहे का हे लगेच कळेल. नाशिकच्या द्वारका चौकात भर दुपारी वीस मिनिटं अडकलो तरी टेंपरेचरचा काटा जागचा हलत नाही. पण पाथर्डी फाटा ओलांडून मुंबईच्या दिशेने ताशी ७० ला लावली की विल्होळीपासून काटा चढायला लागतो आणि वाडीवऱ्हे येईपर्यंत लाल पट्टीला टेकतो. वेग ४० वर आणला की पाच-सात मिनिटांत आपोआप खाली. रेडिएटर भरलेला, पट्टा ताठ, पाणी कुठे गळत नाही. आणि हे सगळं सुरू झालं बॉनेटला हवेसाठी भोकं पाडल्यावर. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून जे केलं, त्यानंतर.

गाडी ट्रॅफिकमध्ये तापत असेल आणि मोकळ्या रस्त्याला थंड होत असेल, तर तुमचा रोग वेगळा. पंखा, पट्टा, पंख्याभोवतीचं कव्हर बघा. इथे तुमच्यासाठी फारसं काही नाही.

माझी गाडी म्हणजे जीपच्या तोंडाची जुनी महिंद्रा पिकअप, मामांची. दिंडोरीहून द्राक्षांचे क्रेट वाहून वाहून तिचा हौदा दोनदा बदलला, पण इंजिन मूळचंच आहे: प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसीचं डिझेल, आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला बनलेलं. मामांनी गाडी माझ्या ताब्यात दिली तेव्हा एवढंच म्हणाले, "चालव, पण हिला काही नवीन शिकवू नकोस." मी शिकवलं. सपाट बॉनेट मागच्या बाजूने, काचेच्या अगदी पायथ्याशी, दोन ठिकाणी कापलं. प्रत्येक भोक ३० बाय १० सेंटिमीटर, वरून जाळी, जाळीवर मागे तोंड केलेला पत्र्याचा उंचवटा. दिसायला झकास. गरम हवा वर जाते, मग ती मागून निघून जाईल, असा माझा हिशेब होता.

मग तीन वेळा दुरुस्ती झाली आणि तिन्ही वेळा तक्रार परत आली. पहिल्यांदा रेडिएटर उतरवून रॉडिंग केलं, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ केलं. आठ दिवस बरं वाटलं, कारण ते आठ दिवस मी गावातच फिरलो. दुसऱ्यांदा एका मिस्त्रीच्या सांगण्यावरून थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप) काढून टाकला. हे करू नका. हायवेला काही फरक पडला नाही, उलट निफाडच्या थंडीत सकाळी इंजिन गरमच होईना, धूर वेगळाच. तिसऱ्यांदा पाण्याचा पंप बदलला. चौथ्यांदा हेड गॅसकेट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेल्याचं निदान झालं आणि हेड उतरवायचा खर्च ऐकून मी गाडी घरी आणली. हेड उतरवण्याआधी एक फुकटची तपासणी असते, ती घरीच केली: गाडी रात्रभर थंड, सकाळी रेडिएटरचं टोपण काढून इंजिन सुरू केलं आणि पाण्याकडे बघत राहिलो. गॅसकेट फाटलं असेल तर बहुतेक वेळा पाण्यात सतत बुडबुडे येतात, आणि टोपण लावून सुरू केलं तर थंड इंजिनवरही वरचा होज मिनिटा-दोन मिनिटांत दगडासारखा कडक होतो. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. (टोपण थंड गाडीचंच काढायचं. टोपणाने साधारण १ बारचा जास्तीचा दाब धरला असेल तर आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. टोपण उघडलंत की तेच पाणी त्या क्षणी उकळून तोंडावर येतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ ला उकळतं.)

अजून एक गोष्ट आधीच उरकून घ्या: काटा खरं बोलतो का. जुन्या गाड्यांमध्ये अर्थिंग खराब असलं तर हेडलाइट लावल्याबरोबर काटा चढतो. लाइट लावून-विझवून बघा. काटा लाइटबरोबर हलला तर आधी इंजिन ते चासी आणि चासी ते डॅशबोर्ड या अर्थच्या तारा घासून घट्ट करा. मी तर सरळ नळीवाला मेकॅनिकल गेज बसवला, विजेचा संबंधच नको. लेझरची टेंपरेचर गन वापरत असाल तर चकचकीत पितळेवर किंवा ॲल्युमिनियमवर ती कमी आकडा दाखवते; मोजायच्या जागी काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मारा.

एवढं सगळं ठीक निघालं. भोकं पाडण्याआधी हायवेला ८८ ते ९० असायचं, आता १०४.

उलगडा झाला तो पायामुळे आणि पानामुळे. बरेच दिवस लक्षात येत होतं की हायवेला ॲक्सिलरेटरवरचा पाय भाजतोय. पेडलच्या फटींतून गरम वारा आणि डिझेलचा वास केबिनमध्ये यायचा, गावात मात्र नाही. मी त्या फटींचे रबराचे ग्रोमेट (फट बुजवणाऱ्या कड्या) बदलले आणि विषय सोडून दिला. मग एकदा घोटीच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा उंचवट्याच्या मागच्या तोंडात, जाळीवर, कण्हेरीची तीन-चार पानं चिकटलेली दिसली. डिव्हायडरवरची असणार. बॉनेट उघडलं तर दोन पानं टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणावर. आता विचार करा. जिथून गरम हवा जोरात बाहेर पडायला हवी, तिथे बाहेरचं पान चिकटून कसं बसेल? हवा बाहेर येतच नव्हती. ती आत शिरत होती.

घरी येऊन जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापले, दोन्ही भोकांवर ठेवले आणि चहूबाजूंनी कापडी टेप लावला. दुसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळी, तोच रस्ता, तोच वेग, हौद्यात तेवढंच वजन. वाडीवऱ्ह्याला ९३. गोंद्याला ९३. पाय भाजणं बंद. रॉडिंग, पंप, थर्मोस्टॅट या सगळ्यांवर गेलेले पैसे एका बाजूला आणि हा वीस रुपयांचा टेप एका बाजूला.

तुमच्या गाडीवर हाच प्रयोग सगळ्यात आधी करा. टेप लावल्यावर हायवेचं तापमान उतरलं तर दोष भोकांच्या जागेत आहे. तसंच राहिलं तर रेडिएटरकडे वळा. आणि टेप लावल्यावर वाढलं तर तुमची भोकं बरोबर जागी आहेत, त्यांना हात लावू नका.

असं का होतं

गाडी पळताना समोरची हवा बॉनेटवरून सरकत मागे येते आणि काचेला धडकते. जीपच्या तोंडाच्या गाड्यांची काच सपाट आणि जवळजवळ उभी असते, त्यामुळे हवा तिथे अडते, साचते आणि काचेच्या पायथ्याशी दाब वाढतो. इंजिनच्या खोलीतल्या दाबापेक्षा जास्त. मग तिथे भोक पाडलं तर बाहेरची हवा आत ढकलली जाणार. उंचवट्याचं तोंड मागे केलं म्हणून त्यातून हवा मागे जात नाही. तोंड जास्त दाबाकडे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आत शिरलेली हवा थंडच असते की, मग बिघडलं काय? मलाही हेच वाटलं होतं. पण डिझेल इंजिन थंड ठेवतं ते रेडिएटर, आणि रेडिएटरमधून हवा किती जाईल हे त्याच्या पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर ठरतं. तुम्ही मागच्या खोलीत वरून हवा भरली, तिथला दाब वाढला, की गाडीच्या तोंडाच्या जाळीतून येणारी हवा रेडिएटरच्या तोंडाशीच अडते आणि बाजूने निघून जाते. खोलीत कोंडलेली गरम हवा वाट शोधत पेडलच्या फटींतून तुमच्या पायावर येते. त्यातून या एक्सडीपीमध्ये डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जळता हेडमधल्या छोट्या कप्प्यात आधी पेटतं, त्यामुळे थेट इंजेक्शनच्या इंजिनापेक्षा हे इंजिन पाण्याला जास्त उष्णता देतं. म्हणजे रेडिएटरला मुळात फार सवलत नसते.

हे दाब फार मोठे नाहीत, हेही सांगायला हवं. ताशी ८० ला वाऱ्याचा पूर्ण जोर मोजला तर तो जेमतेम ३ सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा भरतो; ६० ला त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. काचेपाशी जाणवतो तो याचाच एक भाग. पण रेडिएटरमधून हवा ढकलायलाही एवढाच तुटपुंजा जोर हाताशी असतो, त्यामुळे एक-दीड सेंटिमीटर इकडचा तिकडे झाला तरी खेळ बदलतो. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तक्रार गावात दिसत नाही आणि ७० ला अचानक उपटते. गावात, गाडी उभी असताना, गरम हवा खरोखरच वर जाते आणि मागच्या भोकातून निघते. माझा हिशेब उभ्या गाडीचा होता.

ही चूक आपण करतो त्याला एक कारण आहे. अमेरिकन जुन्या पिकअपचे, शेवरोले सी-१० वगैरेंचे फोटो बघून आपण बॉनेटवर मागे तोंड केलेला उंचवटा उचलतो. तिथे तो उंचवटा गरम हवा काढायला नसतोच. काचेपाशी दाब जास्त असतो हे ओळखून तिथली थंड हवा कार्ब्युरेटरला पाजायची, यासाठी ती रचना आहे. त्याला काऊल इंडक्शन म्हणतात. १९६९ च्या कॅमारोवर असं बॉनेट कारखान्यातूनच मागवता यायचं. त्यांच्याकडे त्या भोकाखाली एअर क्लीनर सीलबंद जोडलेला असतो, हवा इंजिनच्या खोलीत मोकळी सुटत नाही. आपण आकार घेतला आणि काम उलटं सांगितलं.

बिजागऱ्यांखाली वॉशर घालून बॉनेट मागून दोन बोटं उचलायची पद्धतही याच जातीची. सिग्नलला फायदा, हायवेला तोटा. तुमच्या गाडीला भोकं नसून वॉशर असतील तर काढून बघा, बहुतेक तिथेच उत्तर मिळेल.

बरोबर जागा शोधणं

अंदाजाने पुन्हा कापायचं नाही, एवढं मी या वेळी ठरवलं होतं. मेन रोडवरून लोकरीचा एक गुंडा आणला, चार-चार इंचांचे तुकडे केले आणि बॉनेटभर वीतभर अंतरावर टेपने चिकटवले. भाच्याला पुढच्या गाडीत मागे तोंड करून बसवलं आणि गंगापूर रोडला पहाटे सहाला, रस्ता रिकामा असताना, ६० ला व्हिडिओ काढला. बॉनेटच्या पुढच्या कडेला लागून धागे वेडेवाकडे नाचत होते, उभे राहत होते: तिथे हवा पत्र्यापासून सुटते आणि पत्र्यावर वरच्या दिशेने ओढ निर्माण होते. मधले धागे सरळ मागे. काचेच्या जवळचे धागे मात्र गोंधळलेले, काही तर चक्क पुढे तोंड करून. ते पुढे तोंड केलेले धागे बरोबर माझ्या भोकांच्या रांगेत होते. मामांना व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, "लोकरीला कळलं, तुला नाही कळलं."

धाग्यांवरून हवेची दिशा कळते, दाब कळत नाही. त्यासाठी पारदर्शक नळीचा यू करून त्यात रंगीत पाणी भरलं, नळीचं एक टोक इंजिनच्या खोलीत आणि दुसरं बॉनेटच्या वर पत्र्याला चिकटवून ठेवलं. यू डॅशबोर्डवर, बघणारा शेजारी बसलेला, चालवणारा नव्हे. वरच्या टोकाकडचं पाणी चढलं तर वर ओढ आहे, तिथून हवा बाहेर येईल. खाली दबलं तर आत जाईल. टोक सरकवत गेलो. रेडिएटरच्या लगेच मागचा वीत-दीड वीत पट्टा सगळ्यात चांगला निघाला, अर्ध्या बॉनेटनंतर फायदा संपत आला आणि काचेपाशी उलटा झाला.

भोक रेडिएटरच्या मागे हवं, पुढे नको. रेडिएटरच्या पुढे कापलं तर जाळीतून आलेली हवा रेडिएटरमध्ये न जाता वरूनच पळेल. आणि रेडिएटरची वरची कड आणि बॉनेट यांच्यात जी फट असते ती रबराच्या पट्टीने बंद करा, बाजूच्याही. नाहीतर मागची गरम हवा फिरून पुन्हा पुढे येते. ही पट्टी मी आधी लावली असती तर कदाचित भोकांची गरजच पडली नसती, असं आता वाटतं.

पत्र्याचं काम

डेंटर चाचांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, पहिल्यांदाच सांगितलं होतं, पुढे काप म्हणून." सांगितलं नव्हतं. पण काम त्यांचं नीट असतं.

जुन्या भोकांना त्याच जाडीचा, १ मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा बसवून घेतला. सपाट बॉनेटवर वेल्डिंगची लांब रेघ मारली की पत्रा तापून फुगतो आणि डब्याच्या झाकणासारखा टपटप वाजायला लागतो. म्हणून ठिपका इथे, दुसरा समोरच्या कोपऱ्यात, मध्ये ओलं फडकं, असं करत अख्खी सकाळ घालवायची. घाईचं काम लांबी (पुट्टी) भरून लपवतात आणि वर्षाच्या आत इंजिनच्या थरथरीने लांबी तडकते.

पुढे नवीन भोकं न कापता लूव्हर (पत्रा चिरून उचललेल्या, एका बाजूने उघड्या फटी) दाबून घेतले. अंबड एमआयडीसीत शीट मेटलची कामं करणारे बरेच आहेत, डाय (दाबायचा साचा) असेल तर तासाभराचं काम. दोन रांगा, प्रत्येकीत आठ, प्रत्येक १० सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर उघडा, तोंड मागे. एकूण १६० चौरस सेंटिमीटर. माझी पहिली दोन भोकं ६०० होती.

लूव्हरचा दुसरा फायदा असा की दाबलेला पत्रा ताठ होतो, कापलेला ढिला. माझी पहिली तक्रार तापण्याची असली तरी दुसरी होती ७५ नंतर बॉनेट थडथडण्याची, आणि तिचं मूळ चाचांना बॉनेट उलटं करून बघितल्यावर सापडलं: भोकं पाडताना मी आतली आडवी पट्टी कापली होती. चौकोनी भोकाच्या चार कोपऱ्यांपैकी दोन कोपऱ्यांतून चिरा निघाल्या होत्या, एक जवळपास दोन इंच. चीर दिसली तर तिच्या अगदी टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडून मग वेल्ड करा, नाहीतर ती वेल्डच्या पुढून चालतच राहते. कोपरा कधीही टोकदार ठेवू नका, निदान रुपयाच्या नाण्याएवढी गोलाई द्या. आतली पट्टी कापावीच लागली तर भोकाभोवती तिची चौकट पूर्ण करा.

थडथड हलक्यात घेऊ नका, कारण या गाड्यांचं बॉनेट काचेकडे बिजागरी असलेलं आणि पुढून उघडणारं असतं. चौरस मीटरभर पत्र्यावर ताशी ८० ला वाऱ्याच्या पूर्ण जोराच्या निम्मी जरी ओढ बसली तरी १४ किलोचा जोर वर खेचतो. बाजूची एक क्लिप ढिली झाली की दुसरी ते सगळं एकटीने धरते, आणि तीही सुटली तर बॉनेट सरळ काचेवर. मी क्लिपांच्या स्प्रिंग बदलल्या आणि वर रबराचे दोन हुक लावले. शोभा थोडी गेली.

रंग, प्रायमर वगैरेवर लिहीत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. कागदांबाबत एकच: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरसीवर नोंदलेली मूळ रचना बदलता येत नाही. बॉनेट बदलणार असाल, तर गाडी फिटनेसला नेण्याआधी आरटीओत विचारून ठेवा. बाहेर आलेली धारदार कड तर कायदा नसता तरी ठेवू नये.

आता आकडे. ताशी ७५ ला, मे महिन्यात, हौद्यात साधारण अर्धा टन, वाडीवऱ्ह्याला ८९. राहुड घाटात ९४ पर्यंत गेला आणि माथ्यावर उतरला. कसारा घाट खालून वर येताना एकदाच ९६. थर्मोस्टॅट परत बसवला आहे.

एक दुखणं उरलंय, ते पावसाचं. इगतपुरीचा पाऊस लूव्हरच्या मागच्या तोंडातूनही आत येतो, विशेषतः गाडी उभी असताना. माझ्या लूव्हरची डावी रांग नेमकी अल्टरनेटरच्या वर आली आहे. पहिल्या पावसात पट्टा भिजून किंचाळायला लागला. खाली पत्र्याचा उथळ ट्रे लटकवला, पुढची-मागची बाजू हवेसाठी उघडी ठेवून, आणि एका कोपऱ्यातून नळी खाली चासीच्या बाहेर काढली. ट्रे उतरता हवा आणि नळी निदान अर्ध्या इंचाची, माझी आधीची पाव इंची चिखलाने बुजायची. एअर क्लीनरचं तोंड ट्रेच्या खाली येणार नाही हे बघा, डिझेलच्या सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सध्या श्रावण चालू आहे, दर रविवारी नळीत तार घालतो आणि दर वेळी कण्हेरीचं एखादं पान निघतंच.